एनओसी दिलीत, ओल नाही सांगितलीत

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्रातील यच्चयावत सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : जुनं घर विकत घ्यायला येणाऱ्याला संस्थेच्या कपाटात काय आहे ते दाखवण्याबाबत

महोदय, महोदया,

आमच्या आतल्या खोलीच्या छतात पत्र्याची पन्हळ निघाली, तिथूनच सुरुवात करते.

९ जुलै २०२३, रविवार. दुपारची जेवणं उरकून मी ओटा पुसत होते. आतून धप्पकन आवाज आला. जाऊन बघते तर मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर पीओपीचा हातभर तुकडा, त्यावर ओला गिलावा आणि वरून संथ लयीत टपकणारं पाणी. मुलगा खाली कॅरम खेळायला गेला होता. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, त्यानं शिडी लावली, उरलेलं पीओपी हातानंच सोललं आणि टॉर्च मारून मला वर बोलावलं. "ताई, हे बघा काय करून ठेवलंय." स्लॅबला खिळे ठोकून तारेनं एक पत्रा बांधला होता. दोन्ही कडा वर वळवलेल्या, एका बाजूला उतार, उताराच्या टोकाला अर्ध्या इंचाचा पाइप आणि तो पाइप भिंतीतून थेट संडासाच्या डक्टमध्ये सोडलेला. वरच्या बाथरूमचं पाणी कुणाच्या नजरेस न पडता परभारे निघून जावं, अशी सोय. पत्रा गंजून त्याला भोक पडलं, म्हणून आम्हाला कळलं. जरा जाड पत्रा वापरला असता तर आमची आणखी चारेक वर्षं आनंदात गेली असती.

पत्र्याच्या वर स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. प्लंबरनं नुसतं बोट लावलं आणि गंजाचे पापुद्रे खाली आले.

हे घर आम्ही त्याच वर्षी घेतलं. डोंबिवली पूर्व, तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही, बांधकाम १९९६ चं, दुसरा मजला, किंमत ६२ लाख. फेब्रुवारीत पाहिलं, मार्चमध्ये नोंदणी केली, २२ मार्चला पाडव्याची गुढी नव्या दारात उभारली. पाहिलं तेव्हा भिंतींना नवा रंग होता, छताला नक्षीचं पीओपी आणि त्यात निळ्या एलईडीची पट्टी. माझ्या नवऱ्याला ती पट्टी फार आवडली होती. याची मी त्यांना अधूनमधून आठवण करून देते. वरच्या फ्लॅटमधले भाडेकरू तेव्हा नुकतेच गेले होते, घर बंद होतं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या बेताला नवे भाडेकरू आले, बाथरूम वापरात आलं आणि महिनाभरात पन्हळ भरली. पावसाचा यात काहीच संबंध नाही. लोक उगाच पावसाला दोष देतात.

आम्ही आंधळेपणानं घर घेतलं नव्हतं. वकिलांनी ३० वर्षांचा सर्च काढला, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्या. बँकेनं टायटल तपासलं. बँकेचा व्हॅल्युएशनवाला आला, लेसरच्या यंत्रानं भिंती मोजल्या, चार फोटो काढले, चहाला नको म्हणाला आणि वीस मिनिटांत गेला. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ४,३४,००० रुपये, नोंदणी फी ३०,०००, दलालाचा एक टक्का, वकिलांचे वेगळे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठे झाले, फोटो झाले. तुमच्यापैकी एका संस्थेनं, म्हणजे आता माझ्याच संस्थेनं, 'नो ड्यूज', म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला दिला, एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला दिला आणि हस्तांतराचं अधिमूल्य म्हणून २५,००० घेतले. इतक्या जणांनी इतके पैसे घेऊन मिळून एकच गोष्ट तपासली, की घर विकणाऱ्याचंच आहे ना. घर कसं आहे, हे कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

गिलावा पडल्यावर मी सचिवांकडे गेले. भला माणूस. बसा म्हणाले, काकूंनी पाणी आणून दिलं. मी फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हां, तो जुना विषय आहे."

जुना विषय! माझा चार महिन्यांचा संसार आणि त्यांचा जुना विषय. मला त्या क्षणी विकणाऱ्याचा राग आला नाही, तुमचा आला. म्हणून हे पत्र त्यांना नाही, तुम्हाला.

सभासद झाल्यामुळे कागद पाहायचा हक्क मला मिळाला होता. संस्थेच्या ऑफिसातलं, म्हणजे जिन्याखालच्या खोलीतलं, गोदरेजचं कपाट उघडलं आणि आमच्या फ्लॅट नंबरची फाइल हातात आली. त्यात आधीच्या मालकांची अकरा पत्रं होती. पहिलं ऑगस्ट २०१७ चं, शेवटचं नोव्हेंबर २०२२ चं. सगळी त्यांच्याच हातची, निळ्या शाईत. पहिल्या पत्रात 'वरील सदनिकेच्या नहाणीतून किंचित ओल येत आहे', पाचव्यात 'गिलावा फुगला आहे', आठव्यात 'स्लॅबच्या सळ्या दिसू लागल्या असून घरात वृद्ध आई झोपते, तरी कृपया'. वरच्या फ्लॅटचे मालक दुबईत. ते फोन घेत नव्हते. तुम्ही प्रत्येक पत्रावर पोच दिलीत, शिक्का मारलात आणि तीनदा लेखी उत्तर दिलंत की अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी आपसात पाहावा. उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, तसं आहे, खरं आहे.

ती पत्रं वाचताना मला त्या माणसाची दया आली, हे कबूल करते. पाच वर्षं दार ठोठावून कुणी उघडलं नाही, तेव्हा त्यानं पत्रा ठोकला, पीओपी केलं, निळी पट्टी लावली आणि सुटला. त्यानं केलं ते वाईटच. पण तो बुडत होता आणि आम्ही हाताला लागलो. तुम्ही काठावर बसला होतात. तुम्हाला कोरडं राहून सांगता येत होतं.

फायलीच्या तळाशी आणखी एक बाइंड केलेला कागदांचा गठ्ठा होता. २०२१ चा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. इंजिनिअर हातोडीच्या यंत्रानं काँक्रीट ठोकून पाहतो, ध्वनिलहरी आरपार सोडून आत पोकळी आहे का ते बघतो, सळी किती गंजली ते तपासतो. मग इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं राहू देत, पण दुरुस्ती कराच. सी-३ म्हणजे किरकोळ. आमची सी-२बी. अहवालात आमच्या खोलीच्या छताचा फोटोसुद्धा आहे, पान १७ वर, पीओपी होण्याआधीचा. फोटोखाली लिहिलंय की गंजाचा फुगवटा मूळ सळीच्या कितीतरी पट होतो आणि तो आतून काँक्रीट फोडतो, त्यामुळे नुसता गिलावा लावून भागणार नाही.

सप्टेंबर २०२२ च्या वार्षिक सभेत ठराव झाला, की दुरुस्तीसाठी प्रत्येक सदनिकेमागे १,८०,००० रुपये काढायचे, वसुली कधी सुरू करायची ते समितीनं ठरवावं. मार्च २०२३ मध्ये आम्हाला मिळालेला 'नो ड्यूज' अगदी खरा होता. तोवर मागणी काढलेली नव्हती, मग बाकी कसली? मागणीचं पत्र ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं, माझ्या नावानं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची उघडली तर एक लाख ऐंशी हजारांची भरली.

शिवाय बाथरूम. ते वेगळं. वरच्या मालकांना दुबईत गाठायला पाच महिने लागले. मग त्यांची नहाणी फोडली. नव्वदच्या दशकातल्या इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरायचे, वर कोबा करायचा, अशी पद्धत होती. नहाणीच्या ट्रॅपचा सांधा सुटला की तो सगळा भराव स्पंजासारखा पाणी धरून बसतो. आमच्या छतावर सहा वर्षं तो भिजलेला स्पंज होता. भराव काढला, पाइप बदलले, नवा कोबा, वॉटरप्रूफिंग, दोन दिवस पाणी तुंबवून चाचणी. खालून आमच्या सळ्या घासून, गंजरोधक लावून, पॉलिमरचा मसाला भरला. निम्मा खर्च त्यांनी दिला. आमचे ७८,००० गेले. तेवढे दिवस मुलगा हॉलमध्ये दिवाणाखाली दप्तर ठेवून अभ्यास करत होता.

वकिलांकडेही जाऊन आले. कायदा आहे आणि चांगला जुना आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं ५५ वं कलम म्हणतं, की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला कळण्याजोगा नाही, तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. न सांगणं म्हणजे लबाडी, असंही तिथेच लिहिलंय. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, मात्र आमच्या कामाचा नाही. तो बिल्डरला धरतो, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर स्वखर्चानं दुरुस्त करायला लावतो. १९९६ च्या इमारतीतल्या दोन सामान्य माणसांच्या व्यवहारात रेराला काय देणंघेणं! मग उरलं ५५ वं कलम. वकील म्हणाले, विकणाऱ्याला माहीत होतं हे सिद्ध करा. मी म्हटलं, पन्हळ आहे, अकरा पत्रं आहेत. ते म्हणाले, उत्तम केस आहे, आठ-दहा वर्षं लागतील. शिवाय करारनाम्यात ओळ आहे : सदर मिळकत प्रत्यक्ष पाहून व खात्री करून घेतली असून तिच्या स्थितीबाबत आमची काहीएक तक्रार नाही. ती ओळ मी सही करताना वाचली होती. वाचून सही केली होती.

मी विमा कंपनीत काम करते, म्हणून हे जास्त झोंबलं असेल. आमच्याकडे वीस लाखांची पॉलिसी घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही विचारतो : मधुमेह आहे का, ऑपरेशन झालंय का, आई-वडील कशानं गेले, तंबाखू खाता का. पहिल्या तीन वर्षांत लपवलेलं निघालं तर दावा नाकारता येतो. अशी नकाराची पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत. हात थरथरत नाहीत आता. आणि माझ्या ६२ लाखांच्या घराला एक प्रश्न विचारणारा फॉर्म कुठेही नव्हता.

आता तुमचं म्हणणं. ते मला जिन्यात, गच्चीवर, कोजागिरीच्या दुधाच्या वेळी, सगळीकडे ऐकवून झालंय. "व्यवहार विकणारा आणि घेणारा यांचा, संस्था कशाला मध्ये पडेल?" मग २५,००० कशाचे घेतलेत? हस्तांतराला संस्थेची एनओसी लागतच नाही असं उपविधी सांगतात, तरी तुम्ही ती आग्रहानं देता, बँका आग्रहानं मागतात. मध्ये तर तुम्ही पडलेलाच आहात, पैसे मोजून घ्यायला. दुसरं, "सांगितलं तर विकणारा बदनामीचा दावा लावेल." त्याच्याच हातच्या पत्राची प्रत दाखवल्यानं त्याची बदनामी कशी होते, हे मला कुणी समजावलेलं नाही. इंजिनिअरचा अहवाल हा अहवाल आहे, चहाडी नाही.

आणि तिसरं, जे हळू आवाजात सांगतात : "अहो ताई, इमारतीचं नाव खराब झालं तर सगळ्यांचेच भाव पडतील. तुमचाही." हे मात्र खरं आहे, आणि याच्यापुढे मी दोन दिवस गप्प बसले होते. तुमची मुलं शिकतायत, कुणाला गावी जायचंय, कुणाला फ्लॅट विकून बदलापूरला मोठं घर घ्यायचंय. प्रत्येकाचा हात त्या झाकल्या मुठीत आहे. पण भाव कशाचा टिकवतो आहोत आपण? २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेत एका चार मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब सुटला आणि खालचे मजले घेत तळाशी आला. सहा माणसं गेली. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात एकाच महिन्यात दोन इमारतींत तसंच झालं. आपल्या घरापासून लोकलनं दहा-वीस मिनिटांवरच्या या जागा. कल्याणच्या घटनेच्या दिवशी आमच्या जिन्यात पहिल्यांदा कुणी भावाबद्दल बोललं नाही. पंधरा दिवसांनी बोलायला लागले.

माझं मागणं मोठं नाही. कायदा बदलायला मी मंत्रालयात जाणार नाही. संस्थेचे कागद पाहायचा हक्क सभासदाला आहे आणि घेणारा माणूस सभासद होतो तो पैसे देऊन झाल्यावर. म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल औषध प्यायल्यावर वाचायला मिळतं. हा उलटा क्रम तुम्ही आजच सरळ करू शकता. 'नो ड्यूज' द्याल तेव्हा त्याच्याबरोबर एक कागद द्या. शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कोणत्या साली झालं आणि वर्ग कोणता आला, त्या सदनिकेबद्दल गेल्या दहा वर्षांत कोणत्या लेखी तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं, सर्वसाधारण सभेनं मंजूर केलेली पण अजून मागितलेली नाही अशी वर्गणी किती, एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात का, संस्थेवर किंवा संस्थेनं कुणावर दावा लावलाय का. कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करणं, झालंय की नाही हेही लिहा, त्याची वेगळी रडकथा आहे, आज नको. विकणाऱ्याची संमती हवी वाटत असेल तर अर्जातच घ्या. जो संमती देणार नाही, त्याचं न देणंच घेणाऱ्याला पुरेसं सांगून जाईल. पोच देऊन शिक्का मारायची तुम्हाला सवय आहेच, या कागदावरही मारा.

घेणाऱ्यांनाही एक सांगते, पत्र तुम्हाला असलं तरी ते वाचतीलच. पाणी किती वेळ येतं आणि गाडी कुठे लावायची, एवढं विचारून परत जाऊ नका. वरच्या घरात कोण राहतं ते विचारा. ते बंद असेल तर मालकाकडून किल्ली मागून तासभर नळ सोडायला लावा. पीओपीमध्ये दिव्यासाठी कापलेलं भोक असतं, त्यातला दिवा काढून मोबाइलचा टॉर्च आत घाला. मी आता कुणाच्याही घरी गेले की छताकडे बघते. नातेवाईक वैतागलेत.

यंदाच्या वार्षिक सभेत समितीत कुणी यायला तयार नव्हतं, म्हणून मला घेतलं. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. चौथ्या मजल्यावरचे काका निवृत्तीनंतर गावी जायचं म्हणून घर विकायला काढून बसले होते. महिन्याभरानं एक तरुण जोडपं बघायला आलं, तिच्या कडेवर लहान मूल. जिन्यात मी भाजी घेऊन येत होते. तिनं विचारलं, "ताई, इथे पाणी कसं आहे?" मी म्हटलं, पाणी चांगलं आहे, दोन्ही वेळा येतं. चार पायऱ्या चढून वर गेले. मग परत खाली आले आणि त्यांना जिन्याखालच्या खोलीत नेलं. ऑडिटचा अहवाल दाखवला, सभेचा ठराव दाखवला, काकांच्या गच्चीच्या गळतीची चार पत्रं दाखवली. त्यांनी फोटो काढून घेतले.

व्यवहार मोडला नाही. दोन लाखांनी किंमत उतरली आणि झाला. नवरात्रात ते राहायला आले, येण्याआधी छताचं सगळं पीओपी काढून टाकलं. काका जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. काकूंनी जाताना सगळ्यांच्या घरी पेढे दिले, आमच्या दाराची बेल वाजली नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत किल्लीचा विषय येणार आहे, असं खजिनदारांनी मला आडून सांगितलंय. त्या बैठकीत मांडायला वर लिहिलेल्या कागदाचा मसुदा मी तयार केला आहे. तुमच्या संस्थेला हवा असेल तर सचिवांमार्फत मागवा, प्रत देईन.

आपली विश्वासू,
एक सभासद, दुसरा मजला
डोंबिवली पूर्व